फाटलेल्या फोटोतला ड्रमर

मित्रांनो, 'माझे बाबा' हा निबंध तुम्ही शाळेत कधी ना कधी लिहिला असेलच. काय लिहिता त्यात? बाबा लवकर उठतात, खूप कष्ट करतात, त्यांनी मला सायकल शिकवली, ते माझे आदर्श आहेत. बरोबर? पण बाबा घोरतात, हे लिहिता का? गणिताचे मार्क बघून त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता, हे? नाही लिहीत! निबंध असतो वीस ओळींचा आणि बाबा असतात केवढे तरी मोठे. काहीतरी गाळावंच लागतं. प्रश्न एवढाच, की काय गाळायचं आणि कशासाठी?

हाच प्रश्न मागच्या वर्षी माझ्या टेबलावर येऊन बसला आणि चांगले तीन महिने उठायचं नाव घेईना. झालं असं, की एका प्रकाशकांनी मुलांसाठी छोट्या चरित्रांची माला काढायचं ठरवलं. कुणाच्या वाट्याला शास्त्रज्ञ आले, कुणाच्या वाट्याला खेळाडू. माझ्या वाट्याला आले बीटल्स! पुस्तकाची पानं ३२. त्यातून चित्रांची पानं वजा केली की माझ्या हाती उरली १८. चार माणसांची आयुष्यं, दोनशेच्या वर गाणी, साऱ्या जगाला लागलेलं वेड, आणि हे सगळं १८ पानांत बसवायचं. बेडिंगमध्ये हत्ती बांधण्यातलाच प्रकार.

माझी भाची नववीत आहे. ती आणि तिची आई, म्हणजे माझी ताई, गेली चार वर्षं आमच्याकडेच राहतात. तिला मी विचारलं, "बीटल्स माहीत आहेत का गं?"

"तेच ना रे मामा, झेब्रा क्रॉसिंगवरून एकामागोमाग चालत जाणारे?"

तेच ते! ज्यांनी तो फोटोही पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरातली ही चार पोरं. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार. ६ जुलै १९५७ या दिवशी एका चर्चच्या जत्रेत १६ वर्षांचा जॉन आणि १५ वर्षांचा पॉल एकमेकांना पहिल्यांदा भेटले. तिथून गोष्ट सुरू झाली. ऑक्टोबर १९६२ मध्ये त्यांची पहिली रेकॉर्ड आली. फेब्रुवारी १९६४ मध्ये ते अमेरिकेत टीव्हीवर गायले, तेव्हा सात कोटींहून अधिक माणसं टीव्हीसमोर बसली होती. आणि १९७० मध्ये बँड फुटला. पहिल्या रेकॉर्डपासून मोजलं तर जेमतेम आठ वर्षं!

सुरुवातीची गाळागाळ सोपी होती. कुठल्या गिटारची काय किंमत होती, कुठल्या दौऱ्यात किती गावं झाली, कुठलं गाणं किती आठवडे पहिल्या नंबरावर होतं, हे सगळं मी बिनदिक्कत उडवलं. कुणाचंच काही बिघडलं नाही. ज्याला हवं त्याला ते दुसऱ्या शंभर पुस्तकांत मिळेल.

पण मग आला पीट बेस्ट.

रिंगोच्या आधी बीटल्सचा ड्रमर पीट होता, हे तुम्हाला माहीत होतं का? पीटच्या आईनं, मोना बेस्ट यांनी, आपल्या घराच्या तळघरात पोरांसाठी 'कासबा' नावाचा कॉफी क्लब काढला होता. जॉन, पॉल आणि जॉर्ज तिथेच वाजवायचे. ऑगस्ट १९६० मध्ये पीट त्यांच्यात आला आणि सगळे मिळून जर्मनीत, हँबुर्गला गेले. दोन वर्षं तो त्यांच्याबरोबर होता. थंडीत कुडकुडला, पडदे उघडायच्या आधीपासून घामाघूम झाला, सगळं केलं. जून १९६२ मध्ये रेकॉर्डिंगची संधी आली. निर्माते जॉर्ज मार्टिन यांना पीटचं वाजवणं रेकॉर्डसाठी पसंत पडलं नाही. १६ ऑगस्ट १९६२ रोजी मॅनेजर ब्रायन एपस्टाइनने पीटला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं, उद्यापासून तू नाहीस. तिघा मित्रांपैकी एकही तिथे हजर नव्हता! आपण तेव्हा भित्रेपणा केला, असं पुढे जॉनने कबूल केलं.

दोन महिन्यांत पहिली रेकॉर्ड निघाली, आणि बाकीच्यांना अख्खं जग ओळखू लागलं. पीटने पुढे लिव्हरपूलच्या रोजगार कार्यालयात नोकरी केली.

आता सांगा, १८ पानांत पीटला जागा द्यायची का? गाळला तर गोष्ट कशी छान सरळ होते! चार मित्र भेटले, खूप मेहनत केली, जगप्रसिद्ध झाले. मुलांच्या चरित्रात असं सरळ-सरळ शोभूनही दिसतं. आणि मला पान-दीड पान मोकळं मिळत होतं.

त्याच सुमारास मी १९९५ मध्ये निघालेल्या 'अँथॉलॉजी १' या अल्बमचं कव्हर बघत होतो. जुन्या फोटोंचं आणि पोस्टरांचं ते एक मोठं चिकटचित्र आहे. त्यात सुरुवातीच्या दिवसांतला बँडचा एक फोटो आहे. पण पीटच्या चेहऱ्याच्या जागी तो फाटलेला आहे, आणि त्या भोकातून खालचा रिंगोचा चेहरा दिसतो. गंमत म्हणजे त्याच अल्बममध्ये पीटने वाजवलेली जुनी गाणी आहेत. कव्हरवर चेहरा नाही, पण आत हात वाजतायत!

ते कव्हर बघून माझं ठरलं. गोष्ट सोपी व्हावी म्हणून माणूस गाळायचा नाही. तुमच्या वर्गात कबड्डीच्या संघातून ऐन वेळी वगळलेला कुणीतरी असतोच की. त्याला हे पान वाचायला मिळालं पाहिजे. आणि पीट गाळला तर रिंगोसुद्धा नीट कळत नाही. तो काही कुणाची जागा हिसकावणारा दुष्ट माणूस नव्हता. लहानपणी तो इतका आजारी असे की त्याची वर्षंच्या वर्षं शाळा बुडाली, आणि ड्रम वाजवायची गोडी त्याला लागली ती इस्पितळात! त्याला बँडमध्ये घेतलं तेव्हा पीटचे चाहते एवढे चिडले की त्या धुमश्चक्रीत जॉर्जचा डोळा काळानिळा झाला. एवढा सगळा मजकूर मी एका पानात बसवला. त्यासाठी अमेरिकेच्या दौऱ्याचं अर्धं पान कापलं. दौऱ्याला काय, त्याचे फोटो आहेतच.

दुसरी अडचण मात्र नाजूक होती. ती सांगण्याआधी एका पुस्तकाची हकीकत सांगतो. बीटल्सचं पहिलं अधिकृत चरित्र १९६८ मध्ये आलं. लेखक हंटर डेव्हिस नावाचे पत्रकार. चौघांच्या घरी जाऊन, त्यांच्या आईवडिलांशी बोलून, स्टुडिओत बसून त्यांनी ते लिहिलं. पण 'अधिकृत' म्हणजे काय, तर ज्यांच्यावर लिहिलं त्यांना छापण्याआधी वाचायला द्यायचं! जॉनला लहानाचं मोठं केलं होतं त्याच्या मावशीनं, मिमीनं. तिनं जॉनच्या लहानपणचं प्रकरण वाचलं आणि तिचा पारा चढला. आमचा जॉन असा शिव्या देणारा, वाह्यात मुलगा होता? छे! शेवटी मावशीचं मन राखण्यासाठी मजकुरात फेरफार करावे लागले. आणि दोन वर्षांनी खुद्द जॉनच एका मुलाखतीत कुरकुरला, की त्या पुस्तकातून खऱ्या गोष्टी गाळल्या!

त्याच पुस्तकात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिलेली नव्हती. मॅनेजर ब्रायन समलिंगी होता, म्हणजे त्याला पुरुषांविषयी प्रेम वाटायचं. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये हा गुन्हा होता, तुरुंगात टाकत. जुलै १९६७ मध्ये तो कायदा सैल झाला आणि त्यानंतर महिन्याभरातच, २७ ऑगस्टला, ब्रायन वारला. वय अवघं ३२. जाऊन वर्षच झालेल्या माणसाचं, ज्याची आई अजून दुःखात आहे त्याचं खासगी आयुष्य १९६८ मध्ये चव्हाट्यावर न आणणं मला समजू शकतं. पण आज? आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं की असं प्रेम हा गुन्हा नाही. आज मी ते दडवलं, तर त्यात लाज वाटण्यासारखं काहीतरी आहे असं मीच तुम्हाला शिकवल्यासारखं होईल. तेव्हा तेच गाळणं त्या वेळी माया होती, आज खोटेपणा ठरेल. मी एक साधं वाक्य लिहिलं. त्यावर ना उद्गारचिन्ह, ना कुजबुज.

प्रकाशकांच्या ऑफिसातल्या संपादक ताईंनी त्या वाक्यावर पेन्सिलीने खूण केली, पण ते राहू दिलं. लाल रेघ ओढली ती दुसरीकडे, गोळ्यांवर!

हँबुर्गमध्ये ही पोरं रोज रात्री कित्येक तास वाजवत, कधीकधी सहा-सात तास. जागं राहण्यासाठी गोळ्या घेत. पुढे तर ते अमली पदार्थांच्या नादी लागले. संपादक ताई म्हणाल्या, "पालक काय म्हणतील? पुस्तक शाळांच्या ग्रंथालयात जायचंय. गाळून टाका ना!" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मलाही कुणाच्या घरात विष पेरायचं नव्हतं.

घरी आल्यावर भाचीपाशी विषय काढला. ती म्हणाली, "अरे मामा, मोबाइलवर नाव टाकलं की दोन मिनिटांत सगळं येतं. तू लिहिलं नाहीस तर मुलांना एवढंच कळेल की तू लिहिलं नाहीस."

पोरीनं विकेटच घेतली! पण तरी मी लगेच ताईंशी भांडायला गेलो नाही. कारण सगळं सांगणं म्हणजे खरं सांगणं, असंही नाही. कोण कुठल्या गोळ्या घेत होतं, कशा घेत होतं, त्यांना काय वाटायचं, असला तपशील मी स्वतःहूनच कापला. तो तपशील वाचून कुणी शहाणा होत नाही. ठेवलं ते त्याचं पुढे काय झालं ते. १९६८ मध्ये पोलिसांनी जॉनला पकडलं, त्याला दंड झाला, आणि त्या एका शिक्षेमुळे पुढे अमेरिकेनं त्याला देशाबाहेर काढायचा घाट घातला. कोर्टकचेऱ्या करता करता जॉनची वर्षं गेली, तेव्हा कुठे १९७६ मध्ये त्याला तिथे कायम राहायची परवानगी मिळाली. सगळं मिळून चार वाक्यं. ताईंनी ती दोनदा वाचली आणि लाल रेघ खोडली. आईबाबांनो, ही चार वाक्यं तुमच्या मुलांनी वाचली तर तुम्हाला चालेल ना? मला वाटतं, चालावीत. ती तुमच्याशी बोलायला एक निमित्त होतील.

वाईट गोष्टी लिहिल्या की माणसं वाईट दिसतात, असं आपल्याला उगाच वाटतं. याचं एक मोठं नवलाचं उदाहरण बीटल्सच्याच बाबतीत घडलंय. जानेवारी १९६९ मध्ये त्यांचं रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेरे लावून सगळं चित्रित केलं होतं. जवळपास ६० तासांची फिल्म! त्यातून १९७० मध्ये 'लेट इट बी' हा सुमारे ८० मिनिटांचा सिनेमा निघाला. तो बघून लोक हळहळले. ओढलेले चेहरे, पॉल आणि जॉर्जची खडाजंगी, सगळं कसं उदास. त्याच फिल्ममधून पीटर जॅक्सन या दिग्दर्शकानं २०२१ मध्ये 'गेट बॅक' ही जवळजवळ आठ तासांची मालिका केली. तीच माणसं, तोच महिना. पण ही मालिका बघून लोक म्हणाले, अरे, हे तर किती हसतायत, एकमेकांना किती सांभाळून घेतायत!

तुम्ही म्हणाल, जॅक्सनने भांडणं गाळली असतील. छे हो! उलट झालंय. १० जानेवारीला जॉर्ज चक्क बँड सोडून निघून गेला होता आणि काही दिवसांनी परत आला. ही सगळ्यात मोठी कटकट जुन्या सिनेमात नाहीच. ती आहे नव्या मालिकेत! म्हणजे जिथे भांडण गाळलं तिथे माणसं उदास दिसली, आणि जिथे भांडण ठेवलं तिथे प्रेमळ दिसली. कारण जॅक्सनने भांडणाच्या आजूबाजूचे विनोद, चहा, फालतू गप्पा, चुकीचे सूर, सगळंच ठेवलं. मी हे बघितलं आणि ठरवलं, की एखाद्याचं भांडण लिहायचं तर त्याचं हसणंही लिहायचं. जागा नसेल तर दोन्ही थोडं थोडं लिहायचं, पण एकटंदुकटं नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. बीटल्स आणि भारत म्हटलं की सतार आलीच. जॉर्ज १९६६ मध्ये मुंबईत येऊन पंडित रविशंकरांकडे सतार शिकला. जानेवारी १९६८ मध्ये तो पुन्हा आला आणि मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत त्यानं आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं. हे सगळं लिहायला मला फार आवडलं. पण इथेसुद्धा गाळलेली माणसं निघाली!

१९६७ चा 'सार्जंट पेपर' हा त्यांचा गाजलेला अल्बम. कव्हरवर कितीतरी नामवंतांच्या आकृत्यांची गर्दी आहे. त्या गर्दीत महात्मा गांधीही होते. पण रेकॉर्ड कंपनीचे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवूड यांना भीती वाटली, की भारतातले लोक रागावतील. झालं! गांधीजींना कव्हरवरून काढून टाकलं. ही गोष्ट मोठ्या माणसाची, म्हणून जगभर सांगितली जाते.

त्याच अल्बममध्ये जॉर्जचं एक गाणं मुख्यतः भारतीय वाद्यांवर आहे. ती वाद्यं वाजवणारे लंडनमध्ये राहणारे भारतीय वादक होते. त्यांचं एकाचंही नाव कव्हरवर नव्हतं. एक वर्ष आधी 'रिव्हॉल्व्हर' अल्बमवर तबलावादक अनिल भागवत यांचं नाव छापलं होतं, म्हणजे नाव छापणं अशक्य होतं असं नाही. पण या वेळी राहिलं. तब्बल ५० वर्षांनी, २०१७ मध्ये, ती नावं जगासमोर आली. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, तबल्यावर नटवर सोनी. माझ्या १८ पानांत ही चार नावं छापायला दीड ओळ लागली. अर्ध्या शतकात कुणाला ती दीड ओळ परवडली नव्हती.

भारतातलीच एक गोष्ट मात्र मी मुद्दाम गाळली. फेब्रुवारी १९६८ मध्ये चौघं हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात ध्यान शिकायला गेले. रिंगोला तिथलं जेवण सोसेना, तो दहा-एक दिवसांतच परतला. बाकीचे राहिले, झाडाखाली बसून गाणी रचली. शेवटी जॉन आणि जॉर्ज महर्षींवर नाराज होऊन निघाले. का? तर कुणीतरी महर्षींविषयी एक आरोप केला म्हणून. तो आरोप कधीच सिद्ध झाला नाही. आजही पुस्तकापुस्तकांत तो चवीनं सांगितला जातो. मी एवढंच लिहिलं, की एका न पटलेल्या, न तपासलेल्या गोष्टीवरून ते निघून गेले. खरंखोटं माहीत नसलेली गोष्ट 'लोक म्हणतात' या शेपटीला बांधून छापली, तरी ती आपणच छापलेली असते. वर्गात चिठ्ठी फिरवणाऱ्यालाही हेच लागू आहे, बरं का!

आता सगळ्यात अवघड जागा सांगतो. ती एका गाण्याची आहे.

'हे जूड' हे गाणं पॉलने १९६८ मध्ये रचलं. जॉनचा मुलगा ज्युलियन तेव्हा पाच वर्षांचा होता. पॉल त्याला आणि त्याच्या आईला भेटायला गाडीनं निघाला होता आणि त्या लहानग्याला धीर द्यावा म्हणून वाटेत त्याला हे गाणं सुचलं. किती गोड गोष्ट आहे! काका आपल्या पुतण्यासाठी गाणं रचतो आणि ते गाणं जग गातं.

पण पाच वर्षांच्या मुलाला धीर द्यायची वेळ का आली? कारण त्याचे बाबा घर सोडून गेले होते. जॉन योको ओनोबरोबर राहू लागला होता. जगाला शांततेची गाणी देणारा जॉन आपल्या थोरल्या मुलाला फार कमी वेळ देऊ शकला.

हा भाग मी दोन तऱ्हेनं लिहिला होता. एका खर्ड्यात पॉलची माया तेवढी होती. दुसऱ्यात ज्युलियनचे बाबा घर सोडून गेल्याचंही होतं. दोन्ही कागद मी टेबलावर ठेवले होते आणि काही ठरत नव्हतं. वाचणाऱ्यांत अशी मुलं असणारच, ज्यांच्या घरी दोघांपैकी एकच जण आहे. त्यांच्या जखमेवर कशाला बोट ठेवायचं? आमच्याच घरात असं एक मूल आहे. मी तिला विचारलंही नसतं. पण तिनं ते कागद आपणहून वाचले. वाचून झाल्यावर दुसरा कागद वर ठेवला.

"हा घे, मामा."

"अगं, पण वाचताना एखाद्याला वाईट वाटेल ना."

"वाटेल की. पण या पहिल्यात ना, ज्युलियन उगाचच रडका वाटतो."

एवढं म्हणून ती क्लासला निघून गेली. मी बराच वेळ तो पहिला कागद बघत बसलो. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. बाबांचं जाणं गाळलं, की मुलाच्या दुःखाला कारणच उरत नाही! जॉनची अब्रू वाचते, पण तिची किंमत पाच वर्षांच्या पोरानं भरायची. दुसरा कागद छापायला गेला. त्यात जॉनला मी खलनायक केलेलं नाही. त्याचेही वडील लहानपणीच त्याला सोडून गेले होते आणि तो १७ वर्षांचा असताना मोटारीच्या धक्क्यानं त्याची आई गेली, हे त्याच पानावर आहे. मोठ्या माणसांनाही जखमा असतात. त्या सांगितल्या म्हणजे त्यांचं वागणं बरोबर ठरत नाही, पण माणूस कळतो.

एक नाव मात्र मी शेवटपर्यंत लिहिलं नाही. ८ डिसेंबर १९८० च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये, स्वतःच्या घराच्या दारात, जॉनला एका माणसानं गोळ्या घातल्या. जॉन ४० वर्षांचा होता. मारणाऱ्यानं पुढे स्वतःच सांगितलं, की त्याला प्रसिद्धी हवी होती. तेव्हा माझ्या पुस्तकात 'एक माणूस' एवढंच आहे. पीट बेस्टचं नाव आहे, नटवर सोनींचं आहे, मिमीमावशीचंही आहे. त्याचं नाही. आख्ख्या पुस्तकातली ही गाळणी मी सगळ्यात आनंदानं केली.

पुस्तक छापून आलं. पानं ३२ च भरली. अमेरिकेतला दौरा अर्ध्या पानाचा, गिटारींची यादी गायब, आणि पहिल्या नंबरावरच्या गाण्यांचा तक्ता नाही म्हणून एका वाचकाचं रागावलेलं पत्रही आलं. येऊ दे. तक्ता त्याला कुठेही मिळेल.

आता मित्रांनो, सुट्टी लागली की एक काम करा. घरातला जुना फोटोंचा अल्बम काढा. काळ्या पानांचा असेल तर उत्तमच. एखाद्या पानावर फोटो नसेल, नुसते चार कोपरे चिकटवलेले दिसतील. एखाद्या फोटोची कड कात्रीनं कापलेली असेल आणि कुणाच्या तरी खांद्यावर कापलेल्या माणसाचा हात तेवढा उरलेला असेल. आजीजवळ बसा आणि हळूच विचारा, "हा हात कुणाचा?" आजीनं सांगितलं तर नीट ऐका. सांगायचं टाळलं, तर त्या दिवशी गप्प बसा. पण पुढच्या सुट्टीत पुन्हा विचारा हं!